देवाला सोडलेलं मूल

सोलापुरात ‘देवाला सोडणं’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवसाचा बैल सोडतात, तसं लेकरूही सोडत आले आहेत. मरीआईला सोडलेला पोरगा पोतराज होतो, केस वाढवतो, कमरेला रंगीत चिंध्या बांधतो आणि बापामागून आसूड घेऊन दारोदार फिरतो. खंडोबाला सोडलेली मुरळी होते, यल्लम्माला सोडलेली जोगतीण. पोरीच्या डोक्यात जट धरली की देवीचं बोलावणं आलं म्हणायचं आणि कंगवा बाजूला ठेवायचा. मग मान दुखो, उवा पडोत, शाळेत पोरं चिडवोत. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून वाक्य मोडून बघायची खोड आहे. ‘त्यांनी पोरगी देवाला सोडली.’ या वाक्यात पोरगी कायम कर्म असते. ती कर्ता झालेली मी कधी ऐकली नाही.

दक्षिण सोलापूर तालुक्यात मुस्ती नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्यावरून तान्ही बाळं खाली टाकायचे आणि खाली माणसं चादर ताणून उभी राहायची. उंची कुणी तीस फूट सांगायचं, कुणी पन्नास. बाळ धडधाकट होतं, नवस फिटतो, ही समजूत. बाळं घेऊन येणाऱ्यांत मुसलमान होते तसे हिंदूही होते, आणि कर्नाटकात इंडीजवळच्या एका देवळात हाच प्रकार चालायचा. २००८मध्ये त्याची दृश्यं जगभर दाखवली गेली. मग राष्ट्रीय बालहक्क आयोगाला जाग आली आणि प्रशासनाची धावपळ झाली. आजवर एकाही बाळाला इजा झाली नाही, असं तिथले लोक सांगत. सोलापूरची चादर यंत्रमागावरून जगात गेली होती. ती या कारणानं पुन्हा जगाला दिसावी, याची आम्हाला लाज वाटली.

पण मुस्तीचं प्रकरण त्या मानानं सोपं होतं. जे होत होतं ते उघड्यावर, दिवसाढवळ्या होत होतं. आई खाली उभी असायची आणि क्षणात बाळ तिच्या कुशीत परत यायचं. मला बोलायचं आहे ते कुंपणाच्या आतल्या मुलांबद्दल. एखाद्या बाबाच्या, महाराजांच्या, बुवाच्या, मौलानाच्या किंवा पास्टरच्या बंदिस्त पंथात आईबाप स्वतः जाऊन राहतात किंवा मूल तिथं ठेवून येतात, आणि त्यानंतर त्या मुलाला बाहेरचं माणूस दिसत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या शाळेत सहावीला एक मुलगा होता. आई विड्या वळायची, बाप यंत्रमागावर. जूनमध्ये शाळा उघडली आणि हा आलाच नाही. कॅटलॉगमध्ये आठ दिवस गैरहजेरी मांडली, मग घरी गेलो. आई सुपात पानं घेऊन कापत बसली होती.

“त्याला तितं बरं हाय की ओ सर,” ती म्हणाली. “दोन टाइम जेवण हाय, देवाचं शिकवत्यात. हितं काय हाय सांगा की.”

वर्षभरानं पुन्हा गेलो. फोन करता येतो का, विचारलं. दिवाळीला एकदा करता येतो म्हणाली. भेटायला जाता येतं का? गुरुपौर्णिमेला सगळ्यांना दर्शनाला सोडतात. मग पोरगा भेटला का?

तिची कात्री थांबली. “लांबून दिसलं की,” ती म्हणाली.

आश्रमाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं त्याला मारत होते, असा माझ्याकडे पुरावा नव्हता, आजही नाही. माझ्याकडे एवढंच होतं की बारा वर्षांचा मुलगा शाळेतून गेला आणि वर्षभरात त्याच्या आईला तो फक्त लांबून दिसला. तेवढ्यावर मी अर्ज लिहिला. ज्या कचेरीत दिला तिथल्या साहेबांनी विचारलं, आईवडिलांची तक्रार आहे का? नाही म्हटलं. मग तुमचा काय संबंध? पुढे खुर्ची जवळ ओढून आवाज खाली आणून म्हणाले, “सर, धार्मिक बाब आहे. निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची?”

‘धार्मिक बाब’ या दोन शब्दांवर आपल्याकडे फाईल बंद होते. भ्याडपणा हे त्याचं एक कारण, पण तेवढंच नाही. त्यामागे एक जुना आणि मान्यवर युक्तिवाद आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१८९१चा संमतिवयाचा कायदा आठवा. कलकत्त्याला फुलमणी नावाची अकरा वर्षांच्या आसपासची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली, आणि सरकारनं संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं ठरवलं. फक्त बारा. त्यावरून महाराष्ट्र पेटला. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारनं आमच्या धर्माचारात हात घालू नये, सुधारणा समाजानं आतून करावी. आगरकरांचं म्हणणं होतं की आतून होत नसेल तर कायदा हवा. टिळकांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांच्या आक्षेपाला एक टोक होतं, सरकार परकं असण्याचं. आज ते टोक गळून पडलंय. सरकार आपण निवडतो, राज्यघटना आपली आहे. तरी आक्षेप तोच, आणि घेणारे टिळक नाहीत. ज्याच्या आश्रमाच्या भिंतीला दहा फुटांवर तारा लावलेल्या असतात, तो हा आक्षेप घेतो.

शिवाय धर्मात सरकारनं पडू नये, हे आपण खरोखर पाळतो का? माझ्याच जिल्ह्यातलं पंढरपूर घ्या. १९४७मध्ये साने गुरुजींना विठ्ठलाचं दार हरिजनांसाठी उघडावं म्हणून उपोषण करावं लागलं. १९७३मध्ये विधिमंडळानं पंढरपूर मंदिरे अधिनियम केला आणि बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क काढून घेतले. ते प्रकरण कोर्टात इतकी वर्षं चाललं की शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४मध्ये लागला. म्हणजे दक्षिणा कुणी मोजायची आणि पूजेला कुणी उभं राहायचं, यासाठी राज्य थेट गाभाऱ्यात गेलं. पंढरी त्यानं बुडाली नाही. आषाढीला चंद्रभागेत पाय ठेवायला आजही जागा नसते. सरकार गाभाऱ्यातल्या पैशाचा हिशेब मागतं तेव्हा ती धार्मिक बाब राहत नाही, आणि मागच्या खोलीतल्या पोराच्या पाठीवरचे वळ दाखवा म्हटलं की होते. हा फरक कुणी केला, मला अजून कळलेलं नाही.

घटनेचा पंचविसावा अनुच्छेद धर्मस्वातंत्र्याचा. त्याची सुरुवातच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या’ अधीनतेनं होते. एकोणचाळिसावा अनुच्छेद राज्याला सांगतो की बालपणाला शोषणापासून जपा. आणि मुळात धर्मस्वातंत्र्य व्यक्तीचं असतं. बापाच्या श्रद्धेवर बापाचा हक्क आहे. पण त्या श्रद्धेपायी मुलानं उपाशी राहावं, यावर कुणाचाच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४४मध्ये यहोवाचे साक्षीदार पंथातल्या, रस्त्यावर धर्माची मासिकं विकायला उभ्या केलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात असं म्हटलं की आईबापांनी स्वतः हुतात्मा व्हावं, त्यांना मोकळीक आहे. मुलांना हुतात्मा करण्याची नाही. हैदराबादमध्ये २०१६ साली तेरा वर्षांची एक मुलगी ६८ दिवसांचा उपवास करून गेली. पोलिसांनी आईवडिलांवर गुन्हा दाखल केला. सल्लेखना, म्हणजे जैनांमधलं मरेपर्यंतचं उपोषण, घेणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजोबांबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते मी त्यांच्यावर सोडतो. तेरा वर्षांच्या मुलीनं ‘मी स्वतः ठरवलं’ म्हटलं तरी ते वाक्य तिचं नसतं. ती ज्या घरात वाढली, त्या घराचं ते असतं.

आता कायद्याकडे. आपल्याकडे कायदे कमी आहेत, असं म्हणणारा एक तर वकील नसतो किंवा कार्यक्रमात भाषण करत असतो. बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम ७५ मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतची कैद सांगतं. मुलं सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या संस्थेतला माणूस असेल तर पाच वर्षं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या माणसानं केलेला अत्याचार हा अधिक गंभीर गुन्हा धरलाय, आणि माहीत असून न कळवणाराही गुन्हेगार ठरतो. महाराष्ट्रात तर जादूटोणाविरोधी कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ला दाभोलकरांना गोळ्या घातल्या आणि चार दिवसांत अध्यादेश निघाला. जे आधी वर्षानुवर्षं अडलं होतं, त्याला एक माणूस जावा लागला.

त्या कायद्याचं एक कलम मला फार आवडतं, आणि ते शिक्षेचं नाही. कशाला हा कायदा लागू नाही, हे त्यात सांगितलंय. कीर्तन, प्रवचन, भजन, वारी, हरिपाठ यांना तो लागू नाही. मुलांचे कान-नाक टोचणं आणि जैनांचं केशलोचन यांचाही तिथं नाव घेऊन उल्लेख आहे. अठरा वर्षं चाललेल्या भांडणातून आलेला तो मजकूर आहे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. कान टोचणं आणि डोक्यावर पाय देऊन भूत काढणं यांत फरक करता येतो. ‘कुठे रेघ ओढणार?’ असं विचारणाऱ्यांना सांगता येतं की महाराष्ट्रानं ओढून दाखवलीय.

मग अडतं कुठे? अडतं ते दारात. शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मारायला आणि मुलाचा मानसिक छळ करायला बंदी केली, वय वर्षं सहा ते चौदा सगळ्यांना शाळा सक्तीची केली. २०१२मध्ये त्यात दुरुस्ती झाली: मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू होणार नाही. हिंदू, मुसलमान दोघांना सारखीच सूट. सर्वधर्मसमभाव असा अमलात यावा, हे आपलं नशीब. दुसरी फट बाल न्याय कायद्यातली. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं नोंदणी केलीच पाहिजे, नाहीतर वर्षापर्यंत कैद. मग आश्रमवाले म्हणतात, आमच्याकडची मुलं अनाथ नाहीत, त्यांना आईबाप आहेत, आम्ही बालगृह नाही, गुरुकुल आहोत. गुरुकुलाची नोंदणी कुठे करायची असते? कुठेच नाही. चहाच्या गाड्याला परवाना लागतो, पोळीभाजी केंद्राला लागतो. दोनशे मुलं रात्री झोपतात त्या इमारतीला नावामागे ‘गुरुकुल’ लावलं की काही लागत नाही.

याची किंमत मोजून झालीय. २००८च्या जुलैमध्ये अहमदाबादला आसारामच्या गुरुकुलातल्या दोन लहान चुलतभावांची प्रेतं साबरमतीच्या पात्रात सापडली. चौकशी आयोग बसला. अकरा वर्षांनी विधानसभेत आलेल्या अहवालानं आसारामला दोष दिला नाही, पण गुरुकुलाच्या व्यवस्थापनाचा निष्काळजीपणा नोंदवला. मधल्या काळात, २०१३मध्ये, त्याच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलातल्या अल्पवयीन मुलीनं तक्रार केली आणि २०१८मध्ये जोधपूरच्या कोर्टानं त्याला बलात्कारासाठी जन्मठेप दिली. २००८ ते २०१३ या पाच वर्षांत त्या गुरुकुलांमध्ये राहणाऱ्या एखाद्या मुलाशी बाहेरचं कुणी दार लावून, एकट्याशी, दहा मिनिटं बोललं असेल का? २०१७च्या डिसेंबरात दिल्लीच्या रोहिणीत एका ‘आध्यात्मिक विश्वविद्यालया’तून उच्च न्यायालयाच्या आदेशानं चाळीसहून अधिक अल्पवयीन मुली बाहेर काढल्या. शेजारची वस्ती राजधानीतली, दाट लोकवस्तीची. आपल्याकडे आळंदीतल्या काही खासगी संस्थांमधून मुलांच्या छळाचे गुन्हे नोंदवले गेलेत. वारकरी संप्रदायाला त्यात ओढायचं कारण नाही. तुकोबांच्या अभंगाला शिकवणाऱ्याच्या हातातल्या छडीची गरज कधीच नव्हती. पण संप्रदाय चांगला आहे म्हणून त्याच्या नावानं उघडलेली प्रत्येक खोली चांगली, असं होत नाही.

इथपर्यंत वाचून काहींच्या मनात आलं असेल: घाला धाडी, काढा पोरांना बाहेर. नेमकं तेच करू नये, असं मला वाटतं, आणि ते का, हे जगानं अनेकदा शिकून ठेवलंय.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात शॉर्ट क्रीक म्हणून गाव होतं, बहुपत्नीत्व पाळणाऱ्या एका पंथाचं. २६ जुलै १९५३ला गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनी अख्ख्या गावावर पोलीस पाठवले आणि २६३ मुलं ताब्यात घेतली. वर्तमानपत्रांत आयांच्या कुशीतून ओढल्या जाणाऱ्या लेकरांचे फोटो आले, लोकमत उलटलं आणि पुढच्या निवडणुकीत पाइल पडले. त्यानंतर कित्येक दशकं त्या पंथाच्या वाटेला जायची कुणा अधिकाऱ्याची छाती झाली नाही. त्या शांततेत वॉरेन जेफ्स नावाचा माणूस त्यांचा ‘प्रेषित’ झाला. २००८मध्ये टेक्सासमधल्या एल्डोराडोजवळच्या त्याच्या वस्तीवर पुन्हा धाड पडली, ती एका खोट्या फोनवरून. चारशेहून अधिक मुलं उचलली. दोनेक महिन्यांत टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं ती परत पाठवायला लावली, कारण प्रत्येक मुलाला धोका होता हे सरकारनं दाखवलंच नव्हतं. पंथ असा आहे, एवढंच दाखवलं होतं. आणि तरी आत जे चाललं होतं ते खरं होतं. बारा-पंधरा वर्षांच्या मुलींची लग्नं लागत होती. जेफ्सला २०११मध्ये जन्मठेप झाली, ती वस्तीतून जप्त केलेल्या कागदांच्या आणि ध्वनिफितींच्या आधारावर. म्हणजे रोग खरा, पण वैद्यानं आख्ख्या आळीला एकच काढा पाजला.

व्हरमाँटमधल्या आयलंड पाँडला १९८४मध्ये असंच झालं. ‘बारा वंश’ म्हणवणाऱ्या पंथाची ११२ मुलं पहाटे उचलली. न्यायाधीशांनी विचारलं, यातल्या कुठल्या मुलाला काय झालंय? उत्तर नव्हतं. मुलं त्याच दिवशी घरी. या पंथात छडीनं मारणं हा देवाचा आदेश मानतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि दाखवता येणं यांत तिथं अंतर पडलं.

तेच अंतर बव्हेरियात भरून निघालं. जर्मनीनं २०००मध्ये मुलांना मारण्यावर, घरातसुद्धा, कायद्यानं बंदी घातली होती. २०१३मध्ये एका पत्रकारानं लपवलेल्या कॅमेऱ्यानं याच पंथाच्या वस्तीत मुलांना एकामागून एक तळघरात नेऊन छडी मारतात हे टिपलं. सप्टेंबरात सुमारे चाळीस मुलं बाहेर काढली. आईबाप युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २०१८मध्ये हरले. न्यायालयानं पाहिलं ते असं: खालच्या कोर्टांनी एकेका मुलाचा वेगळा विचार केला होता का, दुसरा सौम्य मार्ग उरला होता का. आईबाप म्हणत होते की छडी सोडणार नाही, म्हणून तो उरला नव्हता.

महाराष्ट्राचा अनुभवही याहून वेगळा नाही. मे २०२३मध्ये बिहारहून पुणे-सांगलीच्या मदरशांकडे निघालेली ५९ मुलं भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर गाडीतून उतरवली. मुलांची तस्करी म्हणून पाच शिक्षकांना अटक झाली, त्यांनी चार आठवडे तुरुंगात काढले, मुलं बारा दिवस सरकारी आसऱ्यात राहिली. पुढच्या वर्षी पोलिसांनीच गैरसमज म्हणून प्रकरण बंद केलं. टोप्या बघून संशय घेतला की असं होतं. त्या ५९ मुलांपैकी एखाद्याला उद्या मदरशात खरोखर कुणी मारलं, तर तो पोलिसाकडे जाईल? त्याला पोलिसाचं काय दिसलंय?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पंथ काय मानतो, याच्याशी सरकारला कर्तव्य नसावं. बाबा विभूती काढतो की लिंबू कापतो, गुरूचा फोटो विठ्ठलाच्या वर लावतात की खाली, हे विचारूच नये. विचारायचं ते मुलाबद्दल, आणि तेच प्रश्न सरकारी वसतिगृहाला, आश्रमशाळेला, क्रीडा प्रबोधिनीलाही विचारायचे. मूल शाळेत जातं का? आजारी पडलं तर डॉक्टर कोण? आईला मनात येईल तेव्हा भेटता येतं का? बाहेरचं एक तरी माणूस त्याला एकट्यात भेटतं का? जिथं अठरा वर्षांखालची, समजा, दहाहून जास्त मुलं आईबापांशिवाय रात्री झोपतात, त्या प्रत्येक जागेची नोंदणी. नाव आश्रम असो, मठ असो, मदरसा असो, गुरुकुल असो की बायबल स्कूल. शिक्षणहक्क कायद्यातली ती सूट अभ्यासक्रमापुरती ठेवा हवी तर. वेद शिकवा, कुराण पाठ करवून घ्या. मारण्याच्या बंदीला सूट कशाला?

यात शाळेचा प्रश्न मी मुद्दाम पहिला ठेवला. केनियात २०२३मध्ये शाकाहोलाच्या जंगलात पॉल मॅकेन्झी या धर्मोपदेशकाच्या अनुयायांची चारशेहून अधिक प्रेतं उकरून काढली. ‘उपाशी राहा, येशू भेटेल’ ही शिकवण, आणि मेलेल्यांत पुष्कळ मुलं. त्याच माणसाला त्याआधी सहा वर्षं, २०१७मध्ये, मुलांना शाळेपासून तोडतो म्हणून पकडलं होतं. म्हणजे पहिली खूण कॅटलॉगमध्ये उमटते. ती पोलिसाच्या आधी मास्तरला दिसते.

जपाननं यातली एक चांगली गोष्ट केलीय. माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या करणाऱ्यानं सांगितलं की आईनं युनिफिकेशन चर्चला पैसे देऊन देऊन घर धुळीला मिळवलं. त्यानंतर, डिसेंबर २०२२मध्ये, तिथल्या आरोग्य मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या. नरकाची भीती घालून मुलाला धर्मकार्याला जुंपणं, श्रद्धेपायी उपचार किंवा शिक्षण नाकारणं हा बालछळ आहे आणि ‘धार्मिक बाब’ म्हणून हात झटकू नका, असं बालकल्याणाच्या कर्मचाऱ्यांना लेखी सांगितलं. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही, कुठला पंथ बंद करावा लागला नाही. टेबलामागच्या माणसाच्या हातात एक कागद दिला. आमच्या साहेबांच्या हातात तो असता तर त्यांना आवाज खाली आणावा लागला नसता.

मोठा आक्षेप अजून राहिलाच, आणि तो मला त्या आईनंच घातला होता. हितं काय हाय? देवदासीच्या प्रथेवर मुंबई इलाख्यात १९३४मध्ये कायदा झाला. महाराष्ट्राला २००५मध्ये पुन्हा करावा लागला. पहिला कायदा वाट बघत बसला कुणीतरी तक्रार करण्याची, आणि जिनं पोरगी सोडली ती आई कशाला तक्रार करेल? प्रथा जिथं ढिली झाली तिथं ती १९७५च्या गडहिंग्लजच्या परिषदेसारख्या चळवळींनी, म्हाताऱ्या जोगतिणींच्या मानधनानं, त्यांच्या मुलांना शाळेत घेण्यानं. जट कापणारे कार्यकर्ते अजूनही आधी तासभर आईशी बोलतात, कात्री नंतर काढतात. दोन वेळचं जेवण हे आश्रमाचं सगळ्यात मोठं तत्त्वज्ञान आहे. कुंभारीच्या वसाहतीत विड्या वळणाऱ्या बाईच्या दारात सरकारचं वसतिगृह, पोषण आहार आणि पोराला ठेवायला भरवशाची जागा पोचत नसेल तर महाराजांची जीप पोचणार.

आणि धर्माच्या पोटी माणसं हेच काम करूही शकतात. पंढरपुरात १८७५मध्ये लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशानं टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला, पुढे प्रार्थना समाजानं तो वाढवला, नवरंगे बालकाश्रम म्हणून. सोलापुरात सुमतीबाई शहांच्या श्राविका संस्थेनं धर्माचं नाव घेऊनच बायका-पोरींना शिकवलं. या ठिकाणी तपासणीला माणूस आला असता तर त्याला चहा मिळाला असता. दार कोण उघडतं आणि कोण लावून घेतं, यावरूनच पुष्कळ कळतं.

निवृत्तीच्या आधीच्या जूनमध्ये आम्ही शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण केलं. तक्त्यात रकाने होते: स्थलांतरित, अनियमित, कधीच दाखल नाही. आश्रमात गेलेल्या मुलांना आम्ही ‘स्थलांतरित’मध्ये टाकायचो, म्हणजे ती ऊसतोडीला गेली असं वर दिसायचं. त्या वर्षी मी पेन्सिलीनं शेवटी एक रकाना ओढला: ‘रात्री कुठे झोपतो?’ आमच्या वर्गातली तीन नावं त्यात भरली. त्या मुलाचं चौथं. तक्ता वर गेला. पंधरा दिवसांनी फोन आला, नमुन्यात नसलेला रकाना खोडून पुन्हा पाठवा. मी तसाच्या तसा पुन्हा पाठवला, या खेपेला शाईनं.